सेकंडहँड टेम्पो, पेट्रोलचा वास आणि गप्प बसलेला स्कॅनर

जुना टेम्पो बघायला गेलं की आपण टायर दाबून बघतो, चेसिसवरचा गंज खरवडतो, गिअर टाकताना होणारा आवाज ऐकतो, कागदपत्रं चाळतो. टाकीतल्या पेट्रोलची वाफ कुठे जाते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मग व्यवहार झाल्यावर महिनाभरात कुरबुरी सुरू होतात. पंपावर पेट्रोल भरलं की गाडी स्टार्ट व्हायला नाटकं करते, सकाळी केबिनचं दार उघडताच नाकात वास जातो, सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरतं. गॅरेजवाला आधी प्लग बदलतो, मग फ्युएल पंप, मग इंजेक्टर साफ करतो. बिल वाढत जातं आणि दोष जागच्या जागी राहतो. कारण तो बऱ्याचदा मुठीत मावेल एवढ्या एका व्हॉल्वमध्ये किंवा वितभर रबरी होजमध्ये असतो.

पहिला प्रश्न अगदी साधा: टेम्पो कशावर चालतो? डिझेल असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. डिझेलची वाफ फारच कमी होते, त्यामुळे डिझेल गाड्यांना वाफ पकडणारी यंत्रणा दिलेलीच नसते. २००५ साली आलेला ‘छोटा हत्ती’, म्हणजे टाटा एस, डिझेलवर आला होता. जुन्या ४०७ आणि आयशरही डिझेलच्याच. बीएस-६ डिझेल गाडीवर पिवळा दिवा लागला असेल तर शोध ईजीआर, डीपीएफ किंवा युरियाच्या बाजूला घ्यायचा.

पण १ एप्रिल २०२०ला बीएस-६ लागू झाल्यावर छोट्या मालवाहू गाड्यांचं चित्र बदललं. मारुतीची सुपर कॅरी २०१६ साली डिझेलवर आली होती, ती आता पेट्रोल आणि सीएनजीवरच मिळते. टाटा एसही पेट्रोल आणि सीएनजीत आली. साकीनाक्याचे कुरियरवाले, बोरिवलीचे पाण्याचे जार पोचवणारे, मुलुंड-भांडुपचे फर्निचरवाले यांच्याकडे आज अशा गाड्या सर्रास दिसतात आणि त्यांतल्या पहिल्या फळीतल्या आता विक्रीला निघाल्या आहेत. एमएच ०२ अंधेरी, एमएच ४७ बोरिवली, घाटकोपर-मुलुंडकडची एमएच ०३, पाटी कुठलीही असो, आरसीवर इंधन आणि उत्सर्जन मानक या दोन रकान्यांत काय लिहिलंय ते आधी वाचा. बोलण्यात ‘सीएनजी गाडी’ म्हटली जाणारी बरीचशी वाहनं कागदावर पेट्रोल-सीएनजी असतात. टाकीत पेट्रोल आहे म्हणजे वाफ आहे, आणि वाफ आहे म्हणजे कॅनिस्टर आहे. निदान असायला हवा.

वाफेची वाट

उघड्यावर, उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पेट्रोलची वाफ सतत होत राहते. ती बाहेर सोडली तर इंधन वाया जातं, हवेत हायड्रोकार्बन मिसळतात आणि त्यात बेंझिनसारखी घातक द्रव्यं असतात. म्हणून टाकीच्या वरच्या बाजूने एक नळी निघते आणि एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यात जाते. हा कॅनिस्टर. आत सक्रिय कोळसा, घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तोच. कोळसा वाफ धरून ठेवतो. कॅनिस्टरचं दुसरं तोंड, म्हणजे व्हेंट, बाहेरच्या हवेला उघडं असतं. तिसरी नळी इंजिनकडे जाते आणि तिच्यावर विजेवर उघडणारा पर्ज व्हॉल्व बसवलेला असतो. इंजिन गरम झालं, गाडी चालायला लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, हा व्हॉल्व थोडा थोडा उघडतो. इंजिनच्या ओढीने व्हेंटमधून ताजी हवा आत येते, कोळशात अडकलेली वाफ घेऊन इंजिनात जाते आणि तिथे जळते. वीज नसताना पर्ज व्हॉल्व बंद असला पाहिजे. एवढं वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुढचं निम्मं काम सोपं होईल.

‘इव्हॅप’ म्हणतात ती ही यंत्रणा नवी नाही. कॅलिफोर्नियाने १९७० सालच्या मॉडेलपासून ती गाड्यांना सक्तीची केली आणि पुढच्या वर्षी सगळ्या अमेरिकेत ती आली. आपल्याकडे नवीन मॉडेलला मान्यता देताना गाडी सीलबंद खोलीत ठेवून किती वाफ निसटते ते मोजतात. मर्यादा आहे एका चाचणीला २ ग्रॅम.

कोड नाही म्हणजे दोष नाही?

इथे मोठी फसगत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. यूट्यूबवर ‘इव्हॅप’ शोधलंत तर निम्म्याहून जास्त व्हिडिओ अमेरिकन पिकअप ट्रकचे निघतील. स्कॅनर लावला, पी ०४५५ म्हणजे मोठी गळती किंवा पी ०४४२ म्हणजे छोटी गळती असा कोड आला, झाकण बदललं, काम झालं. अमेरिकेत १९९६पासून गाडीने स्वतःच वाफेची गळती शोधावी असा नियम आहे, त्यासाठी टाकीत दाबाचा सेन्सर आणि व्हेंटवर वेगळा व्हॉल्व असतो. आपले नियम युरोपच्या धर्तीवरचे. त्यांत ईसीयूवर किमान बंधन एवढंच, की पर्ज व्हॉल्वचं विजेचं सर्किट तुटलं तर कळवावं. म्हणून आपल्या टेम्पोवर आलाच तर पी ०४४३, ०४४४, ०४४५ किंवा ०४५८, ०४५९ असा सर्किटचा कोड येतो. होज उंदराने कुरतडली असेल, झाकणाचं रबर फाटलं असेल, अगदी कॅनिस्टर जागेवरून गायब असेल, तरी स्कॅनर गप्प बसू शकतो. विकणारा मोबाइल पुढे धरून ‘बघा साहेब, झिरो फॉल्ट’ म्हणतो, तेव्हा तो खोटंच बोलतोय असं नाही. फक्त त्या शून्याला या बाबतीत फारशी किंमत नाही.

पीयूसीचंही तसंच. सर्टिफिकेट हवंच, नसेल तर दंड दहा हजारांपर्यंत जातो. पण पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालतात. टाकीवरून उडणारी वाफ तिला दिसत नाही. दोषाची दुसरी बाजू मात्र तिथे दिसू शकते. कॅनिस्टर पेट्रोलने भिजला असेल आणि पर्ज व्हॉल्व गळत असेल तर आयडलिंगला मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन २०० पीपीएम या मर्यादा ओलांडल्या जातात. पीयूसीत गाडी काठावर पास होत असेल तर तो आकडा नीट बघा.

तरी स्कॅनर आणाच, पण वेगळ्या कारणासाठी. मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा साधा डोंगलही चालतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो लावा आणि कोडच्या आधी ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ हा आकडा शोधा. गाडी तुम्हाला दाखवायच्या आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर इथे दहा-वीस किलोमीटर दिसतील. त्याच वेळी ‘रेडिनेस’च्या यादीत बरेच मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, अपूर्ण दिसतील. मग विकणाऱ्याला सरळ विचारायचं, काल काय पुसलंत? आणि डोंगल लावण्याआधी चावी फिरवून, इंजिन चालू न करता, चेक इंजिनचा दिवा लागतो का ते बघा. लागला पाहिजे. लागलाच नाही तर दिव्याशीच छेडछाड झालेली असण्याची शक्यता आहे.

नाक, बोट आणि एक पंप

गाडी सकाळी बघायला जा, रात्रभर उभी राहिलेली असताना. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी यायच्या आत स्टार्ट करू नका. थंड गाडीभोवती सावकाश एक फेरी मारा. वास टाकीपाशी येतोय, कॅनिस्टरपाशी येतोय की इंजिनपाशी? टाकीपाशी असेल तर झाकण, भरण्याच्या नळीचा जोड किंवा टाकीवरच्या पंपाचं सील. कॅनिस्टरपाशी असेल तर तो भरून वाहतोय किंवा तडकलाय. इंजिनपाशी असेल तर आधी पेट्रोलची मुख्य लाइन तपासा, कारण ती गळती आगीची. वाफेचा विचार नंतर. बायफ्युएल गाडीत वासही दोन. सीएनजीला मुद्दाम मिसळलेला कुजकट वास असतो, पेट्रोलचा आपल्या ओळखीचा. कुजकट वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व बंद करा आणि पुढची तपासणी अधिकृत केंद्रातच करून घ्या. तिथेच सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची तारीखही बघून घ्या, ती दर तीन वर्षांनी करावी लागते.

मग झाकण. टेम्पोच्या टाकीतून पेट्रोल चोरीला जातं म्हणून अनेक जण बाजारातलं चावीचं झाकण बसवतात. दिसायला भक्कम, पण रबर मूळ गळ्यावर नीट बसत नाही. रबर चपटं, कडक किंवा चिरलेलं असेल तर झाकण बदलण्यापासूनच सुरुवात करा. यापेक्षा स्वस्त दुरुस्ती या सगळ्या प्रकरणात नाही. गाडी अर्धा तास चालवून झाकण उघडलं आणि थोडी फुस्स झाली तर काळजी नको. पण टाकी हवा जोरात आत ओढून घेत असेल, झाकण उघडायला जोर लागत असेल, तर व्हेंटची वाट बुजली आहे. याची एक पक्की खूण आहे: गाडी अर्ध्या तासाने दम सोडते, बंद पडते, आणि झाकण सैल केलं की पुन्हा नीट चालते. अशा गाडीचा फ्युएल पंप विनाकारण बदलला गेल्याची उदाहरणं गॅरेजच्या गप्पांत भरपूर ऐकायला मिळतात.

मुंबईत व्हेंट बुजायला कारणं कमी नाहीत. व्हेंटचं तोंड चेसिसजवळ खाली असेल तर पावसाळ्यातला चिखल त्यात बसतो. अंधेरी सबवेत पाणी भरलेलं असताना ‘निघेल गाडी’ म्हणून घातलेल्या टेम्पोचा कॅनिस्टर पाणी पितो, आणि भिजलेला कोळसा वाफ धरत नाही. शिवाय उंदीर. सोसायटीच्या भिंतीला, मार्केटच्या मागे, नाल्याकाठी रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीची रबरी होज हे त्यांचं आवडतं खाणं. बोनेट किंवा सीट उचलून नळ्यांवर दातांच्या खुणा शोधा. गाडी २०२३च्या आधीची असेल तर होज हाताने वाकवून तडे गेलेत का बघा. पेट्रोलमधलं इथेनॉल रबरातून झिरपतं आणि त्याला जुनं करतं. ई-२०ला टिकतील असे भाग गाड्यांमध्ये यायला लागले ते २०२३च्या एप्रिलपासून.

आता पर्ज व्हॉल्व. तो इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डजवळ असतो, दोन नळ्या आणि एक विजेचं सॉकेट. इंजिन थंड असताना स्टार्ट करून आयडलिंगला ठेवा. व्हॉल्वची कॅनिस्टरकडची नळी काढा आणि उघड्या तोंडावर बोट ठेवा. थंड इंजिनात ईसीयू सहसा पर्ज करत नाही, म्हणून ओढ लागता कामा नये. बोट सतत ओढलं जात असेल तर व्हॉल्व उघडा अडकला आहे. इंजिन गरम झाल्यावर रेस वाढवून पुन्हा बोट ठेवा. आता ठेक्यात थांबत-थांबत ओढ जाणवायला हवी. ती आलीच नाही तर व्हॉल्व बंद अडकलाय, वीज पोचत नाहीये किंवा मॅनिफोल्डकडची नळी तुंबली आहे. इंजिन बंद करून व्हॉल्व बाहेर काढला असेल तर कापडाने पुसून फुंकून बघा, वीज नसताना हवा पार जाता कामा नये. मल्टिमीटरवर कॉइलचा रोध बऱ्याच व्हॉल्वमध्ये वीस-तीस ओहमच्या आसपास येतो. अनंत आला तर कॉइल तुटली आहे. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, मेकॅनिककडे तो मागा.

सगळ्यात बोलकी चाचणी मात्र पंपावर होते आणि ती करायला मेकॅनिक लागत नाही. विकणाऱ्याला घेऊन जवळच्या पंपावर जा, पैसे तुम्ही द्या, टाकी बऱ्यापैकी भरा. इंजिन बंदच आहे. भरून झाल्यावर लगेच स्टार्ट करा. सेल्फ बराच वेळ फिरला, ॲक्सिलरेटर दाबावा लागला, इंजिन धडधडत कसंबसं उठलं, तर संशय पर्ज व्हॉल्ववर. पेट्रोल भरताना टाकीतली वाफ ढकलली जाऊन कॅनिस्टरकडे आलेली असते, आणि उघड्या अडकलेल्या व्हॉल्वमधून ती सगळी एकदम इंजिनात शिरते. भरताना नोझल सारखा कट होत असेल तर नोझलचा कोन बदलून बघा; तरीही होत असेल तर व्हेंट किंवा टाकीची नळी तुंबलेली. बायफ्युएल गाडीत ही चाचणी पेट्रोल मोडवरच घ्या. सुपर कॅरीच्या सीएनजी मॉडेलला पेट्रोलची टाकी जेमतेम पाच लिटरची असते, तेव्हा खर्चाची चिंता नको.

पंपाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगून टाकतो. नोझल आपोआप थांबल्यावर ‘राउंड फिगर करू का’ असं विचारतात आणि आपण हो म्हणतो. टाकीत वाफेसाठी ठेवलेली जागा त्या शेवटच्या घोटांनी भरते, पेट्रोल द्रवरूपात कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा कायमचा बसतो. सीएनजीवर चालणाऱ्या टेम्पोत तर महिनोन्महिने पेट्रोल भरलं जात नाही, मग एकदा भरताना टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली जाते. पहिल्या कटला थांबा. उरलेली चिल्लर यूपीआयने सुटते.

कॅनिस्टर हातात घेऊन

कॅनिस्टर काढता येत असेल तर काढून बघा. आत पेट्रोल डुचमळल्यासारखं वाटलं किंवा उलटा केल्यावर थेंब पडले तर तो गेला. नळीत काळे दाणे सापडले तर कॅनिस्टर आतून फुटला आहे; तेच दाणे पर्ज व्हॉल्वच्या तोंडात अडकून त्याला उघडं ठेवतात. अशा वेळी नुसता व्हॉल्व बदलून भागत नाही. कॅनिस्टर, व्हॉल्व दोन्ही बदलायचे आणि मधली नळी झटकून साफ करायची, नाहीतर नवा व्हॉल्वही लवकरच अडकेल.

कॅनिस्टर काढणं शक्य नसेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा. गरम इंजिन, आयडलिंग, पेट्रोल मोड. ट्रिम उणे दहा टक्क्यांच्याही खाली गेलेला असेल तर ईसीयू पेट्रोल कमी करतोय, म्हणजे कुठून तरी जादा इंधन येतंय. आता पर्जची रबरी नळी पक्कडीने हलकेच चिमटून बंद करा. ट्रिम शून्याकडे सरकला आणि थरथर थांबली तर दोष याच वाटेवर आहे. काहीच फरक पडला नाही तर इंजेक्टर, फ्युएल प्रेशर, ऑक्सिजन सेन्सर यांच्याकडे वळा. उलट ट्रिम अधिक असेल, आयडलिंग वर चढलं असेल आणि हिस्स असा आवाज येत असेल, तर व्हॉल्व आणि मॅनिफोल्डमधली नळी फाटून बाहेरची हवा आत जातेय. ही एकच चाचणी करायला लावली तरी तुमचा मेकॅनिक किती पाण्यात आहे ते कळतं.

एवढ्यावर भागलं नाही तर स्मोक टेस्ट. यंत्राने वाफेच्या नळ्यांत हलक्या दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. सगळ्या गॅरेजमध्ये हे यंत्र नसतं, पण विचारपूस केली तर मिळतं. मात्र टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची नळी पर्ज लाइनला लावून ‘बघू कुठून हवा येते’ असं कोणी करत असेल तर थांबवा. तेवढ्या दाबाने कॅनिस्टर फुटतो, आणि पेट्रोलच्या वाफेत हवा कोंबणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. यातलं कुठलंही काम बंद गाळ्यात नको, बाहेर मोकळ्यावर करा. आणि हो, मिस्त्रीच्या तोंडातली बिडी आधी विझवायला लावा. संकोच बाळगू नका.

जुगाड ओळखायलाही शिका. पर्जच्या नळीत बोल्ट घालून वर क्लिप आवळलेली असते. बाहेरून सीएनजी किट बसवताना सिलिंडरला किंवा ब्रॅकेटला जागा हवी म्हणून कॅनिस्टर उडवलेला असतो आणि टाकीची नळी नुसती खाली सोडलेली असते. ‘काढल्यावर ॲव्हरेज वाढतं’ असं कौतुकानेही सांगितलं जातं. वाढत नाही, उलट जळायची वाफ रस्त्यावर उडते. अशा गाडीत टाकी केबिनच्या मागेच असेल आणि क्लीनर दुपारी केबिनमध्ये झोपत असेल, तर तो तीच वाफ श्वासात घेतो. मूळ रचनेत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमातही बसत नाहीत, आणि फिटनेसला गाडी नेल्यावर हे उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, विकणाऱ्याला नाही.

सुटे भाग घेताना कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा मोह होणारच. पर्ज व्हॉल्व तिथून घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच फुंकून आणि मल्टिमीटर लावून. कॅनिस्टर मात्र जुना घेऊ नका. कोळशाची अवस्था बाहेरून दिसत नाही. झाकण आणि होज नवीनच घ्या, होज घेताना इंधनासाठीचीच मागा, पाण्याची चालत नाही. भाग बदलल्यावर कोड पुसून दोन-तीन दिवस नेहमीच्या फेऱ्या करा, एकदा टाकी भरून स्टार्ट करून बघा आणि मगच गॅरेजवाल्याचे उरलेले पैसे चुकते करा.

भावाचं माझं गणित असं. झाकण, होज किंवा व्हॉल्व खराब असेल तर गाडी सोडू नका, नवीन भागाची किंमत आणि मजुरी विचारून तेवढी रक्कम व्यवहारातून कमी करून घ्या. कॅनिस्टर भिजलेला असेल तर तो नवा बसवून मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि कॅनिस्टर जागेवर नाहीच, नळ्यांना बोल्ट लावलेत, सीएनजी किटची नोंद आरसीवर नाही, असं सगळं एकाच टेम्पोत सापडलं, तर चहा पिऊन निघा. लिंक रोडला आणि एलबीएस मार्गाला विकायला उभे असलेले टेम्पो काही कमी नाहीत.